चाप ओढायचा आणि चाप लावायचा

मराठी भाषेची एक गंमत बघा. बंदुकीचा चाप ओढला की गोळी सुटते. आणि एखाद्याला चाप लावला की तो सुटलेला गडी जागेवर येतो! शब्द एकच, कामं दोन, आणि तीही अगदी उलटी. खरं तर बंदुकीतला चाप, म्हणजे ट्रिगर, हीच दोन कामं करत असतो. हवं तेव्हा सोडायचं आणि नको तेव्हा घट्ट धरून ठेवायचं. पहिलं काम सगळ्यांना दिसतं. त्याची जाहिरात होते, त्याचे पैसे मोजले जातात. दुसरं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ते चुकलं, की मगच दिसतं.

बोल्ट-ॲक्शन रायफलचा मूळ ट्रिगर काढून बाजारातला दुसरा बसवायचा असेल तर तो कसा निवडावा, हा या लेखाचा विषय. तुम्ही म्हणाल, होस्टेलच्या पोरांना याचं काय? आपल्यापैकी कुणीही उद्या रायफल घ्यायला निघालेलं नाही, हे मान्य. पण टीओएम आणि मशीन डिझाईनमध्ये आपण जे रट्टा मारून ओरलला ओकतो, म्हणजे लिव्हर, घर्षण, टॉलरन्स, फॅक्टर ऑफ सेफ्टी, ते सगळं एका काडेपेटीएवढ्या डबीत बसलेलं बघायचं असेल, तर ट्रिगरसारखं उदाहरण नाही. आणि या डबीत डिझाईनची चूक झाली तर एटीकेटी मिळत नाही.

नेम चांगला, गोळी भलतीकडे

आपल्यातल्या एनसीसीवाल्यांनी कॅम्पात .२२ डीलक्स रायफल हाताळली असेल. तीही बोल्ट-ॲक्शनच. प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट उघडायचा, रिकामी केस बाहेर, नवी गोळी आत, बोल्ट बंद. तिथे उस्ताद हिंदीत 'शिस्त लो' म्हणतात आणि आपण मराठी पोरं उगाच ताठ बसतो! पण शिस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच.

आता समजा, शिस्त बरोबर धरली आहे. रायफलचं वजन साडेतीन किलो आणि चाप ओढायला लागतात तीन किलो. बोटावर इतका जोर लावताना नळीचं टोक जरासं तरी सरकणारच. किती? खांदा ते नळीचं टोक हे अंतर साधारण १ मीटर धरा. टोक १ मिलिमीटर हललं, तर समरूप त्रिकोणाच्या हिशेबाने १०० मीटरवर गोळी १०० मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे चांगली वीतभर नाही, पण अर्धी वीत तरी! म्हणून नेमबाजाला चाप हलका हवा असतो, आणि नेमक्या एका क्षणी 'कट्' करून सुटणारा हवा असतो.

अमेरिकेत हा प्रश्न दुकानात जाऊन सोडवता येतो. आपल्याकडे बुलेट घेतली की पोरं आधी सायलेन्सर बदलतात, तसा तिथे शिकारी आणि नेमबाज रायफलचा ट्रिगर बदलतात. यात सगळ्यात मोठी बाजारपेठ आहे रेमिंग्टन मॉडेल ७०० या रायफलची. ती १९६२ मध्ये आली. अमेरिकी मरीनची एम-४० आणि लष्कराची एम-२४ या स्नायपर रायफलीही तिच्यावरच बेतलेल्या. इतर अनेक कंपन्या आपल्या रायफली अशा बनवतात की मॉडेल ७०० चा ट्रिगर त्यांनाही बसावा. त्यामुळे ट्रिगर बनवणाऱ्यांची चांगली रांगच आहे. ॲरिझोनामधली टिमनी, टेक्सासमधली ज्युएल, कॅनडाची ट्रिगरटेक, ऑस्ट्रियाची बिक्स अँड अँडी वगैरे. गिऱ्हाईक गोंधळणार नाही तर काय!

डबीच्या आत

निवडीकडे जाण्याआधी आत काय चालतं ते बघू. बोल्टच्या आत एक फायरिंग पिन आणि तिच्यामागे दमदार स्प्रिंग असते. बोल्ट उघडून बंद केला की स्प्रिंग दाबलेली राहते. पिन पुढे जायला धडपडत असते, आणि तिच्या शेपटीला एक अडसर अडवून धरतो. या अडसराला म्हणतात सीअर. स्प्रिंगचा जोर साधारण १० ते १२ किलो. म्हणजे गॅसच्या भरलेल्या नाही, पण पिण्याच्या पाण्याच्या अर्ध्या जारएवढा भार हा अडसर सतत सोसतो.

मॉडेल ७०० मध्ये पिनच्या शेपटीचा चेहरा तिरका असतो. त्यामुळे ती सीअरला खाली ढकलते. सीअर खाली जात नाही, कारण त्याच्याखाली ट्रिगरची एक धार टेकू देऊन उभी आहे. चाप ओढला की टेकू सरकतो, सीअर खाली पडतो, पिन सुटते. संपलं! गोष्ट एवढीच.

आता गंमत अशी की हा टेकू किती जागेवर असतो? साधारण अर्धा मिलिमीटर. जर्नलची पाच पानं एकावर एक ठेवा, तेवढा. सगळी सुरक्षितता या पाच पानांवर उभी आहे.

दुकानात तीन शब्द कानावर येतात, तेही समजून घेऊ. चाप ओढायला लागणारा जोर म्हणजे पुल वेट. तो पाउंडात सांगतात (१ पाउंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम). टेकू निसटण्याआधी चाप जो खरखरत सरकतो तो क्रीप. आणि पिन सुटल्यावरही चाप मागे जातो ते ओव्हरट्रॅव्हल. बोटाला चांगला वाटणारा ट्रिगर म्हणजे पुल वेट कमी, क्रीप जवळजवळ शून्य आणि ओव्हरट्रॅव्हल अगदी थोडं.

हलका करण्याचे मार्ग: दोन महाग, दोन स्वस्त

चापाचा जोर कुठून येतो? एक, टेकू आणि सीअर यांच्यातलं घर्षण. दोन, चापाला परत जागेवर आणणारी छोटी स्प्रिंग. तेव्हा ट्रिगर हलका आणि 'कट्' सुटणारा करायला चार मार्ग उरतात.

पहिला मार्ग, लिव्हरचं गणित असं बसवायचं की टेकूवर मुळात भारच कमी येईल. दुसरा, घासणारे पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत करायचे, किंवा घसरण्याऐवजी घरंगळायला लावायचं. ट्रिगरटेक कंपनी टेकू आणि सीअर यांच्यामध्ये एक मोकळा रोलर घालते, बिक्स अँड अँडी छोटी गोळी घालते. बेअरिंगचा धडा आठवा. हे दोन मार्ग महाग आहेत, कारण त्यांना नेमकी मशीनिंग लागते.

तिसरा मार्ग, परतीची स्प्रिंग मऊ करायची. चौथा, टेकूची ती पाच पानं चारवर, तीनवर आणायची. हे दोन्ही स्वस्त. स्क्रू ड्रायव्हर घेऊन घरच्या घरीही होतात. पण नीट बघा, या दोन्हींत आपण काय विकतो आहोत? स्प्रिंग मऊ केली तर चाप जागेवर परत येण्याची खात्री कमी होते. टेकू कमी केला तर धक्का बसल्यावर तो निसटण्याची शक्यता वाढते. म्हणजे ओढायचा चाप सुधारला आणि लावायचा चाप बिघडवला.

म्हणून पहिला नियम. ट्रिगर किती हलका आहे हे विचारू नका, तो कशामुळे हलका आहे हे विचारा. एकाच वजनाचे दोन ट्रिगर बोटाला सारखे लागतील, पण एकात ते वजन भूमितीतून आलेलं असेल आणि दुसऱ्यात सुरक्षिततेतून उसनं घेतलेलं असेल.

याच कारणासाठी मूळ ट्रिगरला कानस किंवा पॉलिश पेपर लावण्याच्या भानगडीत पडू नये. हे भाग बहुतेकदा केस-हार्डनिंग केलेले असतात. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलमध्ये पाहिलंय ना, कठीण थर वरवरचाच असतो. तो घासून गेला की खाली मऊ पोलाद. आज ट्रिगर लोण्यासारखा चालतो, आणि हजार वेळा ओढल्यावर धार झिजून तो कुठे सुटेल याचा नेम नाही.

साडेपाच सेंटची गोष्ट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

मॉडेल ७०० चा मूळ ट्रिगर मर्ल 'माइक' वॉकर या इंजिनिअरचा. १९४८ च्या मॉडेल ७२१ पासून तो वापरात होता. वॉकर स्वतः हाडाचा नेमबाज, त्यामुळे चाप हलका आणि स्वच्छ सुटावा ही त्याची तळमळ. त्याने ट्रिगर आणि सीअर यांच्यामध्ये कनेक्टर नावाची एक पातळ, सुटी पट्टी घातली. टेकूची धार या पट्टीवर. गोळी सुटताना पट्टी ट्रिगरपासून क्षणभर वेगळी होते आणि पुन्हा चिकटते. बोटाला याचा परिणाम फारच सुखद. त्या काळात कारखान्यातून आलेला इतका चांगला ट्रिगर दुर्मीळ होता.

पण पट्टी वेगळी होते म्हणजे मध्ये फट पडते. त्या फटीत धुळीचा कण, गोठलेलं तेल, गवताचं कुसळ गेलं तर पट्टी पूर्ण परत येत नाही. अर्धा मिलिमीटरच्या टेकूत एवढंही पुरतं. त्यातून मॉडेल ७०० ची सेफ्टी फायरिंग पिनला अडवत नाही, ती सीअरला वर उचलून धरते. सेफ्टी लागलेली असताना टेकू खालून सरकलेला असेल तरी वरून सगळं ठीकच दिसतं. आणि मग कुणी सेफ्टी काढली, की सीअर खाली पडतो. चापाला बोट न लावता गोळी सुटते! पुढे झालेल्या खटल्यांत फिर्यादींच्या तज्ज्ञांनी मांडलेलं कारण थोडक्यात हे.

ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या मोंटाना राज्यात एक कुटुंब शिकारीहून परतलं होतं. आई रायफल रिकामी करायला लागली. तिने सेफ्टी काढली आणि गोळी सुटली. आपलं बोट चापावर नव्हतं, असं तिने सांगितलं. गोळी घोडे नेणाऱ्या ट्रेलरच्या आरपार गेली आणि पलीकडे असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी पुढची कित्येक वर्षं कंपनीचे जुने कागद शोधण्यात घालवली.

त्या कागदांतून आणि इतर खटल्यांतून बाहेर आलेली एक गोष्ट २०१० मध्ये सीएनबीसी वाहिनीच्या माहितीपटातून सगळ्यांपुढे आली. वॉकरनेच १९४८ मध्ये कंपनीला एक सुधारणा सुचवली होती. सेफ्टी लावल्यावर ट्रिगरही जागेवर अडकून राहील, अशी. खर्च किती? बंदुकीमागे साडेपाच सेंट. कंपनीने ती तेव्हा घेतली नाही.

कंपनीची बाजूही सांगायला हवी. आमचं डिझाईन सुरक्षित आहे, अपघात हाताळणीतल्या चुका, घरगुती फेरफार आणि देखभालीच्या अभावाने झाले, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. पण २००६ मध्ये तिने कनेक्टर नसलेला एक्स-मार्क प्रो हा नवा ट्रिगर आणला. आणि नशिबाचा खेळ बघा. एप्रिल २०१४ मध्ये तोही परत मागवावा लागला, कारण जुळणी करताना काही ट्रिगरांत चिकटद्रव्य जास्त लागलं होतं! डिझाईन सुधारलं आणि प्रोसेसने घात केला. शेवटी जुन्या ट्रिगरांबाबत एक सामूहिक तडजोड झाली आणि २०१७ मध्ये कोर्टाने ती मंजूर केली. त्यात दोष मान्य न करता सुमारे ७५ लाख बंदुकींचे ट्रिगर फुकट बदलून देण्याची तयारी कंपनीने दाखवली. म्हणजे साडेपाच सेंट वाचवले होते, त्याचं हे चक्रवाढ व्याज.

मग निवडायचा कसा?

ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवली की निवडीचे प्रश्न आपोआप सुचतात.

एक, रायफल कुठे वापरणार? थंडीत हातमोजे घालून डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याला अडीच ते साडेतीन पाउंड, म्हणजे सुमारे १.१ ते १.६ किलो जोर योग्य मानतात. बोटं गारठली की हलका चाप कधी ओढला गेला हे कळतही नाही. रेंजवर पालथं पडून कागदावर नेम धरणाऱ्याला दीड पाउंडाच्या आसपास चालतं. टेबलावर रायफल ठेवून एकाच भोकातून पाच गोळ्या घालू पाहणारे बेंचरेस्टवाले दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमवरही येतात. ती रायफल टेबल सोडून कुठे जात नाही, म्हणून ते खपतं.

दोन, आपल्याला हवं ते वजन ट्रिगरच्या मर्यादेच्या मध्यावर येतं का? दीड ते चार पाउंडांत फिरवता येणारा ट्रिगर अडीचवर लावणं शहाणपणाचं. तोच पिळून पिळून एक पाउंडावर आणणं म्हणजे चारशे किलोच्या लिफ्टमध्ये अख्खी विंग भरणं. कमी वजन हवंच असेल तर त्यासाठीच बनवलेला ट्रिगर घ्यावा.

तीन, एक टप्पा की दोन? एका टप्प्याचा ट्रिगर ओढला की थेट सुटतो. दोन टप्प्यांच्या ट्रिगरला आधी थोडी हलकी ओढ, मग एक स्पष्ट भिंत, मग सुटणं. जुन्या माउझर ९८ आणि ली-एनफिल्ड या लष्करी रायफलींत दोन टप्पे असत, आणि त्यामागे हुशारी आहे. चाप सैल असताना टेकू भरपूर असतो, पहिल्या टप्प्यात तो कमी होतो आणि शेवटचा बारीक भाग दुसऱ्या टप्प्याला उरतो. म्हणजे बोट नसताना पकड मोठी, बोट असताना सुटणं स्वच्छ. नवशिक्याला ही भिंत फार उपयोगी पडते.

चार, सेफ्टी नेमकं काय अडवते? फक्त ट्रिगर, फक्त सीअर, की दोन्ही? आणि सेफ्टी लागलेली असतानाच बोल्ट उघडून गोळी बाहेर काढता येते का? मॉडेल ७०० मध्ये १९८२ पर्यंत हे जमत नसे. रायफल रिकामी करायला आधी सेफ्टी काढावीच लागे. हा एक प्रश्न दुकानदाराला न विसरता विचारावा. सॅव्हेज कंपनीच्या ॲक्युट्रिगरचीही कल्पना पाहण्यासारखी आहे. चापाच्या मध्ये एक छोटं पातं असतं. ते दाबल्याशिवाय सीअर सुटला तरी तो अध्येच अडतो आणि पिन पुढे जात नाही.

पाच, घाण गेली तर काय? शिकारीच्या रायफलला बंद डबी आणि कमीत कमी फटी बऱ्या. बहुतेक उत्पादक ट्रिगरमध्ये तेल न घालण्याचा सल्ला देतात. तेल धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं.

सहा, बसतो का? ॲक्शनचा साचा जुळतो का, बोल्ट काढण्याची कळ सोबत येते का, सेफ्टीचा दांडा लाकडी दस्त्याला घासतो का, डावखुऱ्याचं काय. सेफ्टीचा दांडा लाकडात अडकून अर्धाच फिरणं हे वरून फालतू वाटतं, पण सेफ्टी अर्धवट लागणं म्हणजे न लागणंच.

बसवल्यानंतर

अमेरिकेतल्या शस्त्र उत्पादकांची 'सॅमी' ही मानक संस्था आहे. तिच्या चाचणीत सेफ्टी लावलेली रायफल ४ फुटांवरून रबरी पत्र्यावर वेगवेगळ्या बाजूंनी टाकतात. आत गोळी नसते, फक्त प्रायमर असलेली केस असते. प्रायमर फुटला की नापास.

ट्रिगर बदलणारा कसबी कारागीरही साध्या पद्धतीने हेच तपासतो. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, नळी सुरक्षित दिशेला. सेफ्टी लावून चाप जोरात ओढायचा, सोडायचा, मग सेफ्टी काढायची. 'कट्' आवाज आला, की ट्रिगर नापास. पुन्हा बोल्ट चार-पाच वेळा आपटून बंद करायचा आणि दस्ता रबरी पट्टीवर ठोकायचा. पिन सुटता कामा नये. शेवटी चाप ओढायचा, आता मात्र सुटलीच पाहिजे. धरणं आधी तपासायचं, सोडणं नंतर. हा क्रमच सगळं सांगून जातो.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ नुसार 'शस्त्र' या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे वर्कशॉपच्या लेथवर काही प्रयोग सुचले असतील तर ते इथेच विसरा!

कांबळवाडीचा पोरगा

तरीही एक शंका उरते. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली. या प्रकारातल्या .२२ रायफलींचे चाप १०० ग्रॅमच्या आसपास लावता येतात, आणि नियमात किमान वजनाची अटच नाही. पिस्तुलाला आहे, एअर पिस्तुलाला ५०० ग्रॅम आणि २५ मीटर पिस्तुलाला १००० ग्रॅम. मग रायफलला मोकळीक का चालते?

कारण तिथे दुसरा चाप बाहेर आहे. हुकूम आल्याशिवाय गोळी भरायची नाही. नळी कायम लक्ष्याकडे. गोळीबार थांबला की बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये रंगीत झेंडी. डबीच्या आत जेवढी सुरक्षितता कमी केली, तेवढी माणसांनी रेंजवर नियमांनी भरून काढली आहे. मोंटानात त्या दिवशी अशी रेंज नव्हती. होती ती एक थकलेली आई, एक मुलगा आणि अर्धा मिलिमीटरचा टेकू.

म्हणून हिशेब सोपा आहे. आजूबाजूची शिस्त जितकी पक्की, तितका चाप हलका चालतो. शिस्तीची खात्री नसेल तर टेकू जाड ठेवा. आणि ट्रिगर कितीही महागाचा असो, नळी माणसाकडे कधीच नको, कारण प्रत्येक यंत्र एक दिवस नापास होणार असं धरूनच आपण डिझाईन शिकतो.

उद्या आपण कुणी बंदुका बनवणार नाही, पण ब्रेक, लिफ्ट, प्रेशर कुकर, बॉयलर, काहीतरी बनवूच. तेव्हा एखाद्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेल, 'हा भाग काढला तर नगामागे साडेपाच पैसे वाचतील.' त्या वेळी हात वर करून एवढंच विचारायचं, की हा भाग सोडायचं काम करतो, की धरून ठेवायचं?